खोगीर

पिशवी उपडी करून नरनदुलम म्हणायची,
डोळे मीट.
मेंढीची हाडं. उकळून पांढरी झालेली,
तरी बोटांना जराशी तुपकट.
अंधारात शोध, कोण कुणाचं आहे ते.

मी नऊ वर्षांचा. बाहेर गोबीचा वारा
तंबूच्या नमद्यावर थापा मारायचा
आणि चुलीत शेण जळत असायचं.

गोल डोकं हाती लागलं की उखळ शोधायची.
बसलं की कुठंही फिरतं,
पुढं, मागं, बाजूला, गरगर,
आणि कुठंही फिरतं म्हणूनच
निसटतंही तेच, ती म्हणायची,
हे माणसांनाही लागू आहे.
(तिचा नवरा उलानबातरला गेला तो गेलाच.)

गुडघा मात्र आमच्या दारासारखा.
एकाच बाजूला उघडणार.
उलटं ढकललंस तर बिजागरी मोडेल,
आणि थंडी आत येईल ती कायमची.

एकदा मी कवटीवरच्या नागमोडी रेघांवर
नख फिरवत बसलो होतो.
ही शिवण कुणी घातली?
ती हसली. हेही सांधेच, बाळा.
जन्मताना हलत होते,
वाट अरुंद होती ना.
मग घट्ट झाले. काम संपलं की काही सांधे
घट्ट होतात.

मानेचं तिनं कधी पुरतं सांगितलं नाही.
वरचा मणका म्हणजे कडं, खालच्याला खुंटी.
खुंटीभोवती कडं फिरतं
म्हणून माणसाला ‘नाही’ म्हणता येतं.
‘हो’ त्याच्याही वर, कवटीपाशी.
तिथं आपण हात लावायचा नाही,
ना ‘हो’ला, ना ‘नाही’ला.

मग यंदाचा उन्हाळा.
कुस्तीत त्सेरेन्पिल पडला तो हातावरच.
दोघांनी धरून आणला. खांदा चौकोनी दिसत होता,
काखेच्या पुढं एक गोळा,
जिथं काही असायला नको तिथं.
पहाडाएवढा गडी, पण ओठ पांढरे.

नरनदुलमनं हात पुढं केले.
मग मागं घेतले.
तू, ती म्हणाली.

मी डोळे मिटले.
ओढू नकोस, ती कानाशी सांगत होती,
विचार. त्याला घरी जायचंच असतं,
वाट दाखव फक्त.
कोपर दुमडलं. हळूच ताण दिला.
हात बाहेरच्या बाजूला वळवत नेला,
एवढा हळू की चहा निवला असता.
आडवे स्नायू आधी भांडले, मग थकले,
आणि एका क्षणी, माझ्याकडून काहीच न होता,
आतून खिट्टी बसल्यासारखं झालं.

त्सेरेन्पिल हसला, आणि माझ्या बुटांवर ओकला.

रात्री, सगळे गेल्यावर, तिनं दिव्यापाशी
आपला अंगठा धरला.
इथं, मुळाशी, खोगीर असतं.
हाड हाडावर स्वार होतं.
पुढंमागं झुकतं, डावीउजवीकडं झुकतं,
उतरत मात्र नाही.
म्हणून तर सुई धरता येते,
म्हणून लगाम.
माझं खोगीर झिजलं रे.
आता घोड्याच्या पाठीवर
नुसतंच हाड.

किती दिवस? मी विचारलं.
तिनं मान हलवली,
कड्यातली खुंटी, डावीकडं, उजवीकडं.
‘माहीत नाही’ असं असेल,
किंवा ‘विचारू नकोस’.

सकाळी पाणी आणायला निघाली तेव्हा
डेलचा कॉलर उघडाच होता.
दोरीच्या गाठीचं बटण, दोरीचाच फासा.
ती समोर येऊन उभी राहिली,
हनुवटी वर करून, काही न बोलता,
लहान मुलं उभी राहतात तशी.
मी फासा ओढला, गाठ त्यातून घातली.
पहिल्यांदा सुटली.